वाचकांचे प्रश्न : जुन्या पिकअपचे इंजिन बांधावे की बदलावे?

प्रश्न : माझ्याकडे 2012 ची महिंद्रा बोलेरो पिकअप आहे. इंजिन डीआय (थेट इंजेक्शनचे) टर्बो, 2523 सीसीचे असून आरसीवर बीएस-3 अशी नोंद आहे. नारायणगावच्या बाजारात आणि हंगामात माळशेजमार्गे वाशीला टोमॅटो नेतो. वर्षभरापासून गाडी ऑइल खाते, निळसर धूर टाकते, चढाला ओढत नाही आणि मेस्त्रींच्या म्हणण्याप्रमाणे बॅक कॉम्प्रेशन मारते. त्यांनी इंजिन पूर्ण बांधण्याचा, म्हणजे खोलून झिजलेले भाग बदलून पुन्हा जोडण्याचा, अंदाज 85 हजारांचा दिला आहे. दुसरे एक गॅरेज जुन्या बाजारातले चालू इंजिन 60 हजारांत बसवून देतो म्हणते, तर तिसऱ्याने कॉमन रेलचे (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने डिझेल फवारणारे) इंजिन टाका, ॲव्हरेज वाढेल, असे सुचवले. गाडीची चेसी आणि बॉडी चांगली आहे. काय निवडावे? – जुन्नर तालुक्यातील एक वाचक

उत्तर : तीन गॅरेजांनी तीन सल्ले दिले, पण इंजिन नेमके कुठे झिजले आहे हे मोजून कोणी सांगितल्याचे आपल्या पत्रात दिसत नाही. पैसे खर्च करण्याआधी ते मोजून घ्यावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे एवढेच खरे. ते कोणत्या वाटेने जळते हे धुराच्या रंगावरून कळत नाही. आपल्या इंजिनाला टर्बो, म्हणजे दाबाने हवा भरणारा पंखा, आहे आणि टर्बोचे सील गेले की ऑइल थेट हवेच्या पाइपात उतरते. गाडी तशीच निळा धूर टाकते, तशीच ऑइल खाते आणि दाब कमी झाल्यामुळे चढाला ओढही कमी पडते. म्हणून आधी टर्बोकडून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप काढून आत बोट फिरवावे. थोडा ओलसर थर असणे स्वाभाविक आहे, पण पाइपात ऑइल साचलेले असेल आणि टर्बोची दांडी बोटाने हलवल्यावर आजूबाजूला टेकत असेल, तर निदान काही दोष तरी टर्बोचा आहे. केवळ टर्बो बिघडलेला असताना संपूर्ण इंजिन खोलले गेल्याची उदाहरणे गॅरेजमध्ये काम करणाऱ्या कोणालाही आठवतील.

बॅक कॉम्प्रेशनची खात्री करणे त्याहून सोपे आहे. इंजिन गरम झाल्यावर मंद गतीने चालू ठेवून ऑइल भरण्याचे झाकण काढावे आणि तोंडावर उलटे ठेवावे. ते थरथरत जागेवर राहिले तर ठीक. ते उडून पडत असेल आणि तोंडातून लयीत धूर निघत असेल, तर जळालेला वायू पिस्टनच्या रिंगांना ओलांडून खाली चेंबरमध्ये (ऑइलच्या तळभांड्यात) येत आहे; यालाच बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. त्यानंतर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्यावी. ती इंजिन गरम असताना, बॅटरी पूर्ण चार्ज असताना, नोझलच्या (डिझेल फवारणाऱ्या तोटीच्या) जागी गेज लावून चारही सिलिंडरची वेगवेगळी करायची असते. एकूण आकड्यापेक्षा चार आकड्यांमधील फरक अधिक बोलका असतो. तीन सिलिंडर सारखे आणि एकच बराच खाली असेल, तर दोष हेड गास्केट, व्हॉल्व्ह किंवा त्या एका पिस्टनपुरता असण्याची शक्यता मोठी, आणि काम कदाचित हेड उतरवून भागेल. चारही सारखेच खाली आले असतील, तर मात्र लायनर (सिलिंडरचे अस्तर) आणि रिंगा सरसकट झिजल्या आहेत. काही मेस्त्री सिलिंडरमध्ये थोडे ऑइल टाकून पुन्हा गेज लावतात. ही युक्ती पेट्रोल इंजिनात चालते. डिझेलमध्ये पिस्टनच्या वर जागाच इतकी कमी उरते की तेवढ्याशा ऑइलनेही आकडा फसवा चढतो आणि ते जास्त झाल्यास कनेक्टिंग रॉड वाकण्याचा धोका असतो.

आता धरून चालू की चारही सिलिंडर खाली आहेत आणि इंजिन खरोखरच थकले आहे. अशा स्थितीत माझे मत आपलेच इंजिन बांधण्याच्या बाजूचे आहे, फक्त ब्लॉक आणि क्रॅंक मापात बसले पाहिजेत ही अट. पहिले कारण या इंजिनाच्या जातीत आहे. 88.9 मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि 101.6 मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची चाल), म्हणजे साडेतीन इंच आणि चार इंच, ही मापे मुळात इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीच्या ट्रॅक्टर इंजिनाची आहेत. महिंद्राने 1963 मध्ये त्या कंपनीच्या सहकार्याने भारतात ट्रॅक्टर बनवायला घेतले आणि ती घडण पुढे जीप व पिकअपच्या डीआय इंजिनांपर्यंत आली. परिणाम असा की या इंजिनाचे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गास्केट तालुक्याच्या गावीही मिळतात आणि ते बांधलेला हात शोधायला फार फिरावे लागत नाही. दुसरे कारण असे की आपल्या ब्लॉकचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे: किती वेळा तापला, ऑइल कधी बदलले, आधी कधी बोअर झाला का. बाजारातल्या इंजिनाचा इतिहास विकणारा सांगेल तेवढाच. तिसरे कारण कागदांचे आहे. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो, त्यामुळे ब्लॉक तोच राहिला तर आरटीओकडे काहीही करावे लागत नाही.

इंजिन खोलल्यावर मापे घेताना आपण स्वतः उभे राहावे. सिलिंडरच्या वरच्या टोकाशी, जिथे पहिली रिंग वळते, तिथे नख फिरवल्यास कडा लागते. ती जितकी ठळक तितकी झीज अधिक. नखावर निर्णय घ्यायचा नसतो, त्यासाठी बोअर गेज लावून वर, मध्ये आणि खाली, शिवाय आडवे व उभे अशी मापे घ्यावी लागतात, कारण सिलिंडर नुसता मोठा होत नाही, तो लंबवर्तुळाकार आणि निमुळताही होतो. झीज साधारण 0.15 मिलिमीटरच्या पुढे गेली की नुसत्या रिंगा बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. अशी गाडी काही महिने बरी चालते आणि पुन्हा ऑइल मागू लागते. क्रॅंकच्या मेन आणि बिगएंड जर्नलची (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागांची) मापे मायक्रोमीटरने घ्यावीत. 0.25 किंवा 0.50 मिलिमीटर कमी मापाच्या बेअरिंगवर भागत असेल तर क्रॅंक ग्राइंड करून वापरता येतो, मात्र जर्नलच्या कोपऱ्यातील गोलाई राखली गेली पाहिजे, कारण तो कोपरा काटकोनी झाला की क्रॅंक तिथूनच तुटतो. हेडवर सरळपट्टी ठेवून फट पाहावी, आणि गाडी कधी उकळली असेल तर हेड व ब्लॉक दोन्ही प्रेशर टेस्ट करून घ्यावेत. प्रत्येक बाबतीत अंतिम शब्द कंपनीच्या सर्व्हिस पुस्तिकेतील मर्यादांचा. ब्लॉकला तडा निघाला, मेन बेअरिंगची घरे एका रेषेत राहिली नाहीत किंवा क्रॅंक शेवटच्या मापाच्याही खाली गेला, तर बांधण्याचा हट्ट सोडावा आणि दुसऱ्या इंजिनाकडे वळावे.

मेस्त्रींच्या 85 हजारांत काय काय आहे हे लिहून घ्यावे. इंधन पंपाचे कॅलिब्रेशन, नोझल, ऑइल पंप, टर्बोची तपासणी, क्लच प्लेट आणि लेथवाल्याची मजुरी यांपैकी निम्म्या गोष्टी अंदाजात धरलेल्या नसतात आणि काम संपताना बिलात उतरतात. पंप आणि नोझल तसेच ठेवून बांधलेले इंजिन नवीन असूनही काळा धूर टाकते. पीयूसीच्या चाचणीत बीएस-4 पूर्वीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा 65 हार्ट्रिज एकके आहे. ती सैल वाटली तरी बिघडलेल्या नोझलवर सहज ओलांडली जाते.

साठ हजारांच्या जुन्या इंजिनाबद्दल सरसकट वाईट बोलण्याचे कारण नाही. अपघातात मागून चेपलेल्या, कमी चाललेल्या गाडीचे इंजिन मिळाले तर ते बांधलेल्या इंजिनापेक्षाही सरस ठरू शकते. प्रश्न तसे इंजिन ओळखण्याचा आहे. ते गाडीतच बसलेले असताना, थंड अवस्थेतून चालू करून दाखवत असतील तर पाहावे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील किंवा दिल्लीच्या मायापुरीतील गल्ल्यांत इंजिने बहुधा जमिनीवर ठेवलेली असतात, बाहेरून डिझेलने धुतलेली आणि वर चंदेरी रंग मारलेली. रंगाकडे दुर्लक्ष करून खालचा चेंबर खोलायला सांगावे. तळाशी काळा घट्ट गाळ असेल तर त्या इंजिनाने वेळेवर ऑइल पाहिलेले नाही. चकाकणारे पिवळसर कण असतील तर बेअरिंग गेले आहे. आणि ऑइलला दुधाळ रंग असेल तर पाणी शिरले आहे. चेंबर खोलू न देणाऱ्याकडून इंजिन घेऊ नये. शिवाय जुने इंजिन आणले तरी गास्केट, सील, क्लच, बेल्ट, पंपाची तपासणी आणि आरटीओचा खर्च यांतून सुटका नाही, त्यामुळे साठ आणि पंच्याऐंशी यांतील पंचवीस हजारांचे अंतर प्रत्यक्षात बरेच आटते.

जुने इंजिन घेताना आपल्या भागातील गाड्यांबाबत एक गोष्ट विशेष पाहायला हवी. मुंबई, पुणे आणि सोलापूर या शहरांत बीएस-4 चे निकष एप्रिल 2010 मध्ये आले, उर्वरित महाराष्ट्राच्या बहुतांश भागात मात्र बीएस-3 गाड्यांची विक्री मार्च 2017 अखेरपर्यंत चालू होती. म्हणून एकाच वर्षाच्या, बाहेरून हुबेहूब सारख्या दोन पिकअपच्या बॉनेटखाली दोन वेगळी इंजिने असू शकतात, एकात यांत्रिक पंप आणि दुसऱ्यात कॉमन रेल. विक्रेत्याने ‘2012 चेच आहे’ असे सांगणे पुरेसे नाही. ज्या गाडीतून ते निघाले तिच्या आरसीवरील बीएसची नोंद पाहावी.

कॉमन रेलचा सल्ला मी बाजूला ठेवीन. ब्लॉक जवळचा नातेवाईक असला तरी त्याच्यासोबत ईसीयू (इंजिनाचा संगणक), पूर्ण वायरिंग, रेल प्रेशर, क्रॅंक व कॅमचे सेन्सर, इलेक्ट्रॉनिक ॲक्सिलरेटर पेडल आणि वेगळी फिल्टर व्यवस्था असा सगळा संसार उचलून आणावा लागतो. कापून जोडलेल्या वायरिंगची गाडी माळशेजच्या पावसात कधी बंद पडेल याचा भरवसा देता येत नाही, आणि पडली तर तिथला मेस्त्री स्कॅनर घेऊन उभा नसतो. ॲव्हरेजमधील फरकाने हा खर्च भरून निघेपर्यंत आपल्या गाडीचे वय संपेल. कायद्याचीही अडचण आहे, ती पुढच्या उत्तरात येते.

वयाचा मुद्दा निघालाच आहे तर तोही मांडतो. आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, म्हणजे ज्याला आपण पासिंग म्हणतो ते, हे आपल्याला माहीत आहे. 2027 मध्ये गाडीला 15 वर्षे पूर्ण होतील आणि त्यानंतर पासिंगचे शुल्क बरेच वाढते. चेसी चांगली आहे असे आपण लिहिता, तरी इंजिन उतरवलेले असताना चेसीचे पुढचे क्रॉस मेंबर, इंजिन फाउंडेशनची जागा आणि मागच्या पाट्यांचे हँगर खरवडून पाहावेत. तिथे गंज किंवा जुने वेल्डिंग निघाले तर 85 हजारांचा विचार पुन्हा करावा. निघाले नाही, तर आणखी चार-पाच वर्षे गाडी चालवण्याच्या हिशेबाने हा खर्च मला योग्य वाटतो.

आणि इंजिन कशाने झिजले, याचे उत्तर मिळाल्याशिवाय नवे बसवू नये. बेअरिंगच्या आधी लायनर आणि रिंगा संपल्या असतील तर बहुतेक वेळा धूळ आत गेलेली असते: एअर फिल्टरची पेटी नीट बसत नाही, किंवा फिल्टर आणि टर्बो यांमधला रबरी पाइप चिरलेला असतो. शेताच्या कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला ही चीर महाग पडते. बोअरवेलचे पाणी रेडिएटरमध्ये भरण्याची सवय असेल तर क्षारांचे थर रेडिएटरमध्येच नव्हे, ब्लॉकच्या पाण्याच्या वाटांतही बसलेले असतात. ते साफ करून कूलंट घालावे. ओझ्याबद्दलही स्पष्ट लिहितो. टोमॅटोचा एक क्रेट साधारण 20 किलोंचा धरला तर सव्वा टन क्षमतेच्या पिकअपमध्ये साठ-बासष्ट क्रेट बसतात. आपली क्षमता आरसीवरील भरलेल्या आणि रिकाम्या वजनांच्या फरकावरून काढावी. शंभर क्रेट लादून चाललेल्या गाडीचे इंजिन कोणीही, कितीही चांगले बांधले तरी ते लवकर परत येणार.

बांधून झाल्यावर पहिले हजार किलोमीटर गाडी निम्म्या ओझ्यावर, पण हालती ठेवावी. नव्या रिंगा लायनरवर बसण्यासाठी मध्यम भार लागतो. दारात तासन्‌तास मंद गतीने चालू ठेवल्याने त्या बसत नाहीत, उलट लायनर गुळगुळीत होऊन ऑइल खाणे कायमचे राहते. हजार किलोमीटरला ऑइल आणि फिल्टर बदलावा.

प्रश्न : माझ्या जुन्या टाटा 207 डीआय मधले इंजिन संपले आहे. मेस्त्री म्हणतात की 407 चे टर्बो इंटरकूलर इंजिन टाकू, ब्लॉक तोच आहे, आंब्याच्या पेट्या घेऊन घाट चढायला गाडी हलकी होईल. टाकावे का? – देवगड येथील वाचक

उत्तर : ‘ब्लॉक तोच’ या म्हणण्यात तथ्य आहे. 97 मिलिमीटर बोअर, 100 मिलिमीटर स्ट्रोक आणि 2956 सीसी ही मापे टाटांच्या त्या घराण्यातील इंजिनांत समान आढळतात. परंतु मापे समान असली तरी पिस्टन, पंपाची मांडणी, टर्बो आणि थंड करण्याची व्यवस्था यांमुळे मिळणारी ताकद वेगळी असते. ती वाढीव ताकद क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट आणि मागच्या डिफरन्शियलमधून चाकांपर्यंत जाते. यांतला सर्वांत कच्चा दुवा आधी तुटतो, आणि पेट्या भरलेल्या गाडीबाबत तो घाटाच्या मध्यावर तुटतो. इंटरकूलरला पुढे जागा करताना रेडिएटरची हवा अडते हा आणखी एक तोटा. आणि गाडीचे ब्रेक तर जुनेच राहणार असतात. चढण हलकी झाली म्हणून उतरण सुरक्षित होत नाही.

कायदाही या बदलाच्या विरोधात आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार आरसीवरील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मधील निर्णयात हेच अधिक कडकपणे मांडले. त्याच मेकचे आणि त्याच प्रकारचे इंजिन ही वाट उपलब्ध आहे, पण तीही नोंदणी प्राधिकाऱ्याच्या पूर्वमान्यतेने. किमान दहा परिवहन वाहने असलेल्या मालकांना राज्य शासन अधिसूचनेद्वारे पूर्वमान्यतेशिवाय असे इंजिन बदलण्याची मुभा देऊ शकते, आणि त्यांनाही 14 दिवसांत आरटीओला कळवावे लागते. एका गाडीच्या मालकाने आधी अर्ज करावा, मग इंजिन उतरवावे. 407 चे इंजिन आपल्या गाडीच्या प्रकारात बसत नाही. अपघात झाल्यास विमा कंपनीला दावा नाकारायला हे आयते निमित्त मिळेल. आपल्याच प्रकारचे इंजिन शोधावे किंवा असलेले बांधावे, आणि घाटात खालच्या गिअरमध्ये वेळ लागतो तेवढा लागू द्यावा.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी गॅरेजवाल्याने माझ्या पिकअपचा ‘हाफ इंजिन’ बदलला. आता पासिंगला नेल्यावर इंजिन नंबर जुळत नाही म्हणून गाडी परत पाठवली. एका एजंटने जुना नंबर ठोकून देतो असे सांगितले आहे. काय करावे? – सांगली जिल्ह्यातील वाचक

उत्तर : एजंटाचे काम कोणत्याही परिस्थितीत करून घेऊ नये. आज आपली चूक परवानगी न घेण्याची आहे, ती दुरुस्त होऊ शकते. नंबर घासून दुसरा ठोकला की तोच प्रकार फौजदारी गुन्ह्याकडे जातो, आणि घासलेला पृष्ठभाग तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.

हाफ इंजिन म्हटले की हेड सोडून खालचा भाग, म्हणजे ब्लॉक, क्रॅंक, पिस्टन असे सगळे एकत्र येते. नंबर ब्लॉकवर असल्याने हाफ इंजिन बदलणे म्हणजे कागदोपत्री संपूर्ण इंजिन बदलणेच होय. बरेच गॅरेजवाले हे ग्राहकाला सांगत नाहीत, आणि तक्रार दोन वर्षांनी, पासिंगच्या दिवशी पुढे येते.

आता गॅरेजकडून किंवा ज्या दुकानातून तो ब्लॉक आला त्याच्याकडून बिल मिळवावे, त्यावर इंजिन नंबर लिहिलेला असला पाहिजे. ब्लॉक ज्या गाडीतून निघाला तिच्या आरसीची प्रत आणि ती गाडी मोडीत काढल्याचा किंवा नोंदणी रद्द झाल्याचा पुरावा मागावा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वाहन समन्वय या सुविधेवर इंजिन व चेसी नंबर टाकून चोरीच्या नोंदीत ते आहेत का हे तपासता येते. त्याची छापील प्रत अर्जाला जोडावी. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर वित्तसंस्थेचे लेखी संमतिपत्र लागेल. हे सर्व घेऊन आपल्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात, आधी न घेतलेल्या मान्यतेबद्दल स्पष्ट कबुली देऊन, इंजिन बदलाच्या नोंदीसाठी अर्ज करावा. निरीक्षक गाडी पाहतील, दंड किंवा तडजोड शुल्क भरावे लागू शकेल. जुना ब्लॉक अजून गॅरेजमध्ये पडलेला असेल तर तो भंगारात जाऊ देऊ नका; आपल्या मूळ इंजिनाचे काय झाले या प्रश्नाला तोच सर्वांत चांगला पुरावा आहे. आणि बिल देण्यास विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर त्या ब्लॉकचे मूळ संशयास्पद मानून मेस्त्रींकरवी जुनाच ब्लॉक बांधून परत बसवण्याचा पर्याय गंभीरपणे तपासावा.

ही गाडी नोंद होईपर्यंत मालासह रस्त्यावर काढू नये. योग्यता प्रमाणपत्राविना चाललेल्या मालवाहू गाडीचा अपघात झाला तर भरपाईची झळ थेट मालकाला बसते.

प्रश्न : वडिलांची जुनी महिंद्रा पिकअप आहे, तिच्यात 2112 सीसीचे प्यूजो इंजिन आहे. सकाळी चालू होत नाही, ढकलावी लागते, पांढरा धूर येतो. एकदा चालू झाली की दिवसभर बरी चालते. नवे डीआय इंजिन बसवावे असे घरात चालले आहे. – वाळपई, गोवा येथील वाचक

उत्तर : दिवसभर बरी चालणारे इंजिन बदलू नये. 90 मिलिमीटर बोअर आणि 83 मिलिमीटर स्ट्रोकचे हे प्यूजो इंजिन अप्रत्यक्ष इंजेक्शनचे आहे, म्हणजे डिझेल आधी हेडमधील छोट्या कप्प्यात फवारले जाते. थंड कप्प्यात ते पेटत नाही, म्हणून त्याला हीटर प्लग दिलेले असतात. चारपैकी दोन प्लग गेले तरी पावसाळ्यातील सकाळी नेमका असाच पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर आणि ढकलाढकली होते. प्रत्येक प्लगची तार सोडवून टेस्ट लॅम्पने किंवा मीटरने तपासावे, त्यांना पुरवठा करणारा रिले आणि जाड वायर पाहावी, बॅटरीचे टर्मिनल आणि इंजिनाची अर्थिंग पट्टी खरवडून घट्ट करावी. त्यानंतरही तीच अडचण राहिली तर डिझेलच्या पाइपात रात्रीतून हवा शिरते का ते बघावे. फिल्टरच्या जोडापाशी सकाळी पारदर्शक नळी लावली की बुडबुडे दिसतात.

हे सगळे ठीक असूनही अडचण राहिली तरच कॉम्प्रेशन टेस्ट करावी, आणि आकडे खाली असतील तर हेच इंजिन बांधावे. डीआय इंजिन त्याच कंपनीचे असले तरी त्याच प्रकारचे नाही, त्यामुळे आरसीचा प्रश्न देवगडच्या वाचकाला सांगितला तसाच उभा राहील. शिवाय फाउंडेशन, बेल हाऊसिंग आणि सायलेन्सरचा मार्ग बदलण्याचे काम वेगळे. सुटे भाग मागवताना दुकानदाराला नुसते ‘जीपचे’ असे न सांगता इंजिनावरील पट्टीचा फोटो दाखवावा, कारण महिंद्राने पुढे वापरलेल्या 2.5 लिटरच्या प्यूजो इंजिनाचे पिस्टन आणि गास्केट याला लागत नाहीत.